विंडोज १० वरून ११ वर जायचं का: चार पीसींच्या ऑफिससाठी माझं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. अशोक स्तंभाजवळ तुमचं जीएसटी आणि अकाउंट्सचं ऑफिस आहे, चार मशीन आहेत. एक दहाव्या जनरेशनचा आय५ (इंटेलचा प्रोसेसर) असेम्बल केलेला, एक चौथ्या जनरेशनचा जुना आय३, एक तुमचा आठव्या जनरेशनचा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, आणि एक सासऱ्यांचा म्हातारा पीसी ज्यावर अडत दुकानाचा हिशेब डॉसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या जमान्यातल्या, फॉक्सप्रो प्रोग्रॅममध्ये चालतो. चारही ठिकाणी विंडोज १० आहे आणि सपोर्ट संपला असा मेसेज येतोय. भाचा म्हणतो रविवारी येतो आणि चारही मशीन ११ वर टाकून देतो, हार्डवेअरवाला म्हणतो सगळं काढा आणि नवीन घ्या, सासरे म्हणतात चालतंय ना, मग हात कशाला लावायचा. कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय.

मी नाशकात २००३ पासून हेच काम करतोय, ९८ वरून एक्सपी, एक्सपीवरून ७, ७ वरून १०, ही सगळी स्थलांतरं लोकांच्या ऑफिसात बसून केलीत. त्यावरून सांगतो, तिघंही खरं बोलतायत पण एकेका मशीनपुरतं. चारही मशीनला एकच निर्णय लावायला गेलात की कुठेतरी काम अडकणार. आधी प्रत्येक मशीनवर नेमकं काय काम चालतं, त्याला कुठला प्रिंटर, कुठलं टोकन (डिजिटल सहीचं यूएसबी), कुठला जुना प्रोग्रॅम लटकलाय ते कागदावर लिहून काढा. माझं अर्धं काम तिथेच होतं, विंडोजचा नंबर नंतर येतो.

सपोर्ट संपला म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या, कारण लोक एकतर खूप घाबरतात नाहीतर अजिबातच घाबरत नाहीत. विंडोज १० आलं जुलै २०१५ मध्ये, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे फुकटचे सिक्युरिटी अपडेट बंद झाले. मशीन त्या दिवशी बंद पडलं नाही, टॅली चालतंय, क्रोम चालतंय, सगळं चालतंय. फक्त आता नवीन भोक सापडलं तर ते बुजवायला आपणहून कोणी येणार नाही. आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, ११ आणि १० चा आतला बराच कोड सारखा आहे, त्यामुळे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ११ ला पॅच (दुरुस्ती) येतो तेव्हा वाईट हेतूचा माणूस तो उघडून बघतो की काय दुरुस्त केलंय, आणि मग तेच भोक १० मध्ये शोधतो, तिथे ते उघडंच असतं. म्हणजे जसजसे महिने जातील तसतशी उघडी भोकं साठत जाणार.

मे २०१७ मधलं वॉनाक्राय, फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, आठवत असेल. त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता, दोन महिने आधी, ज्यांनी अपडेट टाकला नव्हता त्यांची मशीन लॉक झाली आणि त्यात सगळ्यात जास्त विंडोज ७ होती. त्यात कोणी लिंकवर क्लिक करायचीही गरज नव्हती, ऑफिसातल्या एका मशीनमध्ये शिरलं की फाइल शेअरिंगच्या वाटेने शेजारच्या मशीनमध्ये आपोआप जायचं. तुमच्या ऑफिसात टॅलीचा डेटा फोल्डर शेअर केलेलाच असणार ना, म्हणून सांगतोय. तुमच्याकडे पार्ट्यांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट, पोर्टलचे पासवर्ड आहेत, लोकांनी विश्वासाने दिलेले. घरी सिनेमे बघायच्या पीसीला जो नियम चालेल तो इथे चालणार नाही.

आता पहिलं मशीन, आय५ दहावी जनरेशन. हे ११ वर न्या, इथे भाचा बरोबर आहे. प्रोसेसर बसतो, ८ जीबी रॅम आहे, एसएसडी आहे, अपग्रेड फुकट आहे फक्त विंडोज १० ओरिजिनल ॲक्टिव्हेट झालेलं पाहिजे. असेम्बल मशीनमध्ये हे आधी तपासा, सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशनला जाऊन डिजिटल लायसन्स दिसतंय का बघा, कारण बऱ्याच जणांना आपल्या मशीनवर कुठल्यातरी क्रॅकने ॲक्टिव्हेट केलेलं विंडोज आहे हे माहितीच नसतं.

तुम्ही म्हणता मायक्रोसॉफ्टचं हेल्थ चेक ॲप (११ चालेल का ते तपासणारं) नाही म्हणतंय, हे मशीन चालणार नाही सांगतंय. प्रोसेसर दहावीचा असताना नाही म्हणत असेल तर शंभरातल्या बहुतेक वेळा दोनच कारणं निघतात. एक म्हणजे टीपीएम (मशीनच्या गुप्त चाव्या सांभाळणारा भाग) बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद असतं, इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव पीटीटी असतं आणि एएमडीवर एफटीपीएम, ते नुसतं एनेबल करायचं असतं, वेगळी चिप विकत आणायची गरज नाही (कोणी विकायला आलं तर घेऊ नका). दुसरं म्हणजे असेम्बल करताना विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असतं आणि डिस्क एमबीआर (विभागणीची जुनी पद्धत) असते, ११ ला यूईएफआय (मशीन सुरू व्हायची नवी पद्धत) आणि जीपीटी (विभागणीची नवी पद्धत) लागतं. इथेच भाच्याला सांभाळून सांगा, कारण उत्साही पोरं आधी बायोसमध्ये जाऊन लेगसीचं यूईएफआय करतात आणि मग मशीन बूटच होत नाही, काळी स्क्रीन, मग घाबरून फॉरमॅट मारतात आणि डेटा जातो. क्रम उलटा आहे. आधी विंडोजमध्येच असलेलं एमबीआर टू जीपीटी नावाचं टूल चालवायचं, तेही आधी नुसतं व्हॅलिडेट करून, ओके आलं तर कन्व्हर्ट, मग बायोसमध्ये जाऊन यूईएफआय, पीटीटी आणि सिक्युअर बूट (मशीन उठताना फक्त खात्रीचाच कोड चालू देणारी सोय) चालू करायचं. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील किंवा एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर ते टूल नाही म्हणतं, आणि आपल्याकडे सी डी ई एफ असे चार ड्राइव्ह पाडायची सवय असल्यामुळे हे हमखास भेटतं. तेव्हा जबरदस्ती न करता डेटा बाहेर काढून सरळ नव्याने टाकलेलं बरं.

दुसरं मशीन, चौथ्या जनरेशनचा आय३. हे ११ ला अधिकृतपणे बसत नाही, इंटेलची आठवी जनरेशन किंवा रायझन २००० च्या पुढचं लागतं. भाचा म्हणेल रुफस नावाच्या साधनाने विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवतो, चेक बायपास होतो, आणि खरंच होतं, मी स्वतः करून बघितलंय, चालतं सुद्धा. पण ऑफिसच्या मशीनवर मी ते करत नाही. अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची कंपनी हमी देत नाही, आणि दरवर्षीचं मोठं व्हर्जन आपणहून येत नाही, पुन्हा हाताने टाकावं लागतं, म्हणजे दरवर्षी कोणीतरी आठवण ठेवून येऊन बसायला पाहिजे. भाचा उद्या पुण्याला नोकरीला गेला की मशीन तिथेच अडकलं. आपण सुरक्षेसाठी हे सगळं करतोय आणि तिथेच हमी नसेल तर मग केलं कशाला.

याला दोन वाटा आहेत. एक म्हणजे ईएसयू, विंडोज १० साठी वाढीव सिक्युरिटी अपडेटची योजना. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटला गेलात की एनरोल असं दिसतं, त्याला विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन पाहिजे आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन पाहिजे. सेटिंगचा बॅकअप अकाउंटला सिंक केला तर फुकट मिळतं, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा एकदाच ३० डॉलर. मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. डोमेनला (कंपनीच्या मुख्य सर्व्हरला) जोडलेल्या कंपनीच्या मशीनना हे चालत नाही, त्यांची वेगळी महागडी स्कीम आहे, पण तुमच्यासारख्या छोट्या ऑफिसात डोमेन नसतं. हे आजच करून टाका, नवीन घ्यायचं ठरेपर्यंत तेवढं तरी कवच राहील.

दुसरी वाट, त्या मुदतीच्या आत हे मशीन बदलायचं. इथे हार्डवेअरवाला बरोबर आहे. दहा अकरा वर्षं चाललेल्या मशीनवर आता रॅम, बोर्ड असा खर्च करू नका. आणि रिफर्बिश्ड घेणार असाल तर डोळे उघडे ठेवा, बाजारात आय५ सहावी, सातवीची मशीन वर चकचकीत ११ टाकून विकली जातात, बायपास करूनच टाकलेलं असतं, गिऱ्हाइकाला वाटतं ११ चालतंय म्हणजे नवं आहे. प्रोसेसरचा नंबर वाचायचा, आय५ ६५०० म्हणजे सहावी, ८५०० म्हणजे आठवी, १०४०० म्हणजे दहावी, १२४०० म्हणजे बारावी. अशा डेस्कटॉपच्या प्रोसेसरमध्ये चार आकडी असेल तर पहिला आकडा, पाच आकडी असेल तर पहिले दोन. मी तर म्हणेन घ्यायचंच तर बारावीच्या पुढचं घ्या, काठावरचं आठवीचं घेऊन पुढच्या वेळी पुन्हा हीच रडकथा नको. रॅमचे भाव सध्या फार चढलेत हे मान्य, तरी १६ घ्या, निदान ८ ची एकच स्टिक आणि एक स्लॉट मोकळा असं घ्या.

जुनं मशीन फेकायची गरज नाही. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टिम टाकली तर टायपिंग, मेल, पोर्टलवर बघाबघी हे सगळं आरामात होतं. टॅली आणि डीएससीचं (डिजिटल सहीचं) काम मात्र त्यावर ठेवू नका, उगाच ताप होतो.

तिसरा तुमचा लॅपटॉप. प्रोसेसर आठवीचा म्हणजे बसतो, ४ जीबी रॅम कागदावर चालते कारण ११ ची कमीत कमी अट तेवढीच आहे, पण ४ जीबीवर ११, क्रोमच्या दहा टॅब आणि एक्सेल असं उघडून बघा, तुम्ही मला फोनच कराल. आधी ८ जीबी करा मग अपग्रेड, हा क्रम बदलू नका. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, वाढत नाही, ते आधी बघा.

पण लॅपटॉपबद्दल मला याहून महत्त्वाचं सांगायचंय. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी सोय. विंडोज होममध्ये त्याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते आपोआप चालू होतं, तुम्हाला कोणी विचारतही नाही. चांगली सोय आहे, लॅपटॉप चोरीला गेला तर डेटा कोणाला वाचता येत नाही. पण बायोस अपडेट केला, टीपीएमला हात लावला, सिक्युअर बूट बदललं की मशीन उठताना ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर तुम्हालाही डेटा वाचता येत नाही, मलाही नाही, कोणालाच नाही.

काही वर्षांपूर्वी नाशिकरोडचे एक आर्किटेक्ट माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आले, निळी स्क्रीन आणि की मागतंय. मी म्हटलं तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लॉगिन करा, तिथे की असते. तर अकाउंट त्यांचं नव्हतंच. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने सेटअप पटकन व्हावा म्हणून कुठलातरी ईमेल बनवून टाकला होता, त्याचा पासवर्ड कोणाकडे नाही, तो मुलगा कधीच काम सोडून गेलेला. दोन दिवस आम्ही शोधत होतो, जुने कागद, बिलं, त्या मुलाचा जुना नंबर. नाही मिळालं. पाच वर्षांच्या साइटचे ड्रॉइंग त्यात होते, बॅकअप होता पण दीड वर्षापूर्वीचा. ते बिचारे खुर्चीत बसून राहिले, मला चहा सांगायचंसुद्धा सुचलं नाही. तेव्हापासून मी कुठल्याही लॅपटॉपला हात लावायच्या आधी पहिलं काम हेच करतो, अकाउंट कोणाचं आहे ते बघतो, की काढतो, कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात देतो, आणि बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर सस्पेंड करतो. तुम्ही आज संध्याकाळी हेच करा, अपग्रेड करा किंवा नका करू. आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत नका ठेवू, तिजोरीत ठेवा.

चौथं मशीन, सासऱ्यांचं. इथे मी पूर्ण त्यांच्या बाजूने आहे, हात लावू नका. त्यांना चालतंय ते ३२ बिट विंडोज १० असल्यामुळे चालतंय. डॉसचे जुने प्रोग्रॅम ३२ बिट विंडोजमध्येच चालतात, ६४ बिटमध्ये ती सोयच नाही, आणि ११ ची ३२ बिट आवृत्ती निघालीच नाही. म्हणजे भाच्याने रविवारी तिथे ११ टाकलं तर सोमवारी सकाळी दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात शेतकऱ्याला हिशेबपट्टी द्यायची वेळ येईल आणि प्रोग्रॅम उघडणारच नाही. शिवाय ३२ वरून ६४ वर थेट अपग्रेडही होत नाही, फॉरमॅटच मारावा लागतो, आणि ज्याने तो प्रोग्रॅम वीस वर्षांपूर्वी लिहिला तो आता भेटत नाही असं तुम्हीच लिहिलंय.

पण हात लावू नका म्हणजे तसंच सोडून द्या असं नाही. त्याची नेटवर्क केबल काढा, वायफाय बंद करा, इंटरनेट नको म्हणजे नकोच. बाहेरचा कुठलाही पेनड्राइव्ह तिथे लावायचा नाही, बॅकअपसाठी दोन पेनड्राइव्ह वेगळे ठेवा, एक दुकानात एक घरी, रोज संध्याकाळी डीबीएफ फाइली (फॉक्सप्रोचा हिशेब ज्यात असतो त्या) कॉपी करून आळीपाळीने. आणि क्लोनझिला नावाच्या साधनाने पूर्ण डिस्कची एक इमेज (हुबेहूब प्रत) काढून ठेवा, कारण त्या पीसीची हार्डडिस्क आज ना उद्या जाणारच आहे. सासऱ्यांना एक गोष्ट समजावून सांगा, हिशेब त्या प्रोग्रॅममध्ये कोंडलेला नाहीये, डीबीएफ फाइल लिब्रेऑफिसमध्ये (एक्सेलसारखा प्रोग्रॅम) सरळ उघडते, रकाने दिसतात. म्हणजे मशीन मेलं तरी उधारी कोणाकडे किती हे कळेल. हे दाखवलं की त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल आणि मग पुढचं बोलायला तेच तयार होतील. पुढचं म्हणजे व्हीडॉस नावाचं एक साधन आहे, त्यात डॉसचे हिशेबाचे प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवरही चालतात, डॉट मॅट्रिक्सला प्रिंटही जाते. ते नवीन मशीनवर लावून महिनाभर दोन्हीकडे एन्ट्री करून ताळा जमतोय का बघायचं, जमला तरच जुनं बंद. तोपर्यंत नाही. अंबड, सातपूरला कारखान्यांतल्या सीएनसी यंत्रांना जोडलेले जे पीसी आहेत त्यांनाही मी हाच नियम लावतो, एक्सपीवर मशीन सुरळीत चालतंय तर केबल काढून एकटं ठेवा, इमेज काढा, आणि राहू द्या.

आता कधी करायचं. मी एकदा एका ऑफिसचं मशीन १९ तारखेला अपग्रेड केलं, विंडोज नीट बसलं पण डीएससीच्या टोकनचा ड्रायव्हर गेला आणि दुसऱ्या दिवशी जीएसटीच्या ३बी रिटर्नची शेवटची तारीख. रात्री साडेअकराला टोकन चाललं. त्या माणसाचा त्या दिवसाचा चेहरा मी विसरलेलो नाही आणि त्यानंतर १ ते २५ तारखेत मी कुठल्याही टॅक्सवाल्याच्या मशीनला हात लावत नाही. तुमची जीएसटीआर १ अकराला, ३बी वीसला, त्यामुळे महिन्याचा शेवटचा आठवडा धरा आणि एका वेळी एकच मशीन. पहिलं आय५, मग आठवडाभर थांबा. टोकन, एमसायनर (पोर्टलवर डिजिटल सही करणारा प्रोग्रॅम), टॅली, प्रिंटर, स्कॅनर सगळं एकदा प्रत्यक्ष वापरून बघा, नुसतं उघडतंय म्हणून सोडू नका, एक चलन प्रिंट करून बघा. जुन्या लेझर प्रिंटरचा ६४ बिट ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर आहे का ते आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवा.

नाही जमलं तर मागे यायची वाट आहे, अपग्रेडनंतर १० दिवस सेटिंगमध्ये रिकव्हरीला गो बॅक मिळतं. एक कमांड देऊन ते ६० दिवसांपर्यंत वाढवता येतं, भाच्याला सांगा अपग्रेड झाल्या झाल्या तेवढं कर. आणि त्या काळात कोणीही डिस्क क्लीनअप मारायचं नाही, त्यात विंडोज डॉट ओल्ड उडालं की मागची वाट बंद. तरी गो बॅक म्हणजे बॅकअप नव्हे, डेटा वेगळ्या हार्डडिस्कवर आधी काढायचाच. यूपीएस नसेल तर त्या दिवसापुरता कोणाचा तरी आणा, अर्ध्यात लाइट गेली तर फार वाईट अवस्था होते. फॉरमॅट मारायची वेळ आलीच तर टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करा, लोक हे विसरतात आणि मग पुन्हा ॲक्टिव्हेट करताना अडतं.

मराठीचं राहिलं. नव्याने विंडोज टाकलं की मंगल फाँट दिसत नाही आणि जुनी पत्रं वेगळीच दिसायला लागतात, तो आता वैकल्पिक फीचरमध्ये देवनागरी सप्लिमेंटल फाँट म्हणून असतो, तिथून टाकायचा. मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे, वेगळं काही डाउनलोड करायची गरज नाही. जुन्या नॉन युनिकोड फाँटमधली (तो फाँट नसेल तर मराठी वाचताच येत नाही अशी) पत्रं असतील तर ती फाँट फाइल जुन्या मशीनवरून आधी कॉपी करून घ्या.

बाकी ११ वापरायला अवघड नाही, स्टार्टचं बटण मध्यभागी आलंय ते सेटिंगमधून डावीकडे घेता येतं, उजव्या क्लिकच्या मेनूत अर्ध्या गोष्टी शो मोअरच्या मागे गेल्यात, चार दिवस चुकल्यासारखं होतं मग हाताला बसतं.

आय५ वर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून एमएसइन्फो३२ टाइप करा, त्यात बायोस मोडच्या पुढे लेगसी लिहिलंय की यूईएफआय ते बघा, आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये किती पार्टिशन दिसतात त्याचा फोटो टाका, मग ते जागच्या जागी होईल की डेटा काढून नव्याने टाकावं लागेल ते सांगतो.